पाच तारखेचा हप्ता

१४ जून २०२४, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीनंतर एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. अकाउंट्समधून मी आणि बिलिंगचा मुलगा, स्टोअरमधून ताई, प्रेस शॉपमधले बरेच जण. ज्या गाडीचे ब्रॅकेट आम्ही बनवायचो ते मॉडेल बंद होतंय आणि उरलेलं काम दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला जातंय, हे दिवाळीपासून कानावर होतं. ३० तारीख शेवटची.

पत्रासोबत हिशेबाचा कागद होता. इतकी वर्षं दुसऱ्यांची फुल अँड फायनल मीच काढत आले, त्यामुळे तपासायला वेळ लागला नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २१,०००. भागिले २६, गुणिले १५, गुणिले १३ वर्षं. ग्रॅच्युइटी १,५७,५००. छाटणीची भरपाई दरवर्षी पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे २,४७,०००. नोटिशीच्या महिन्याचे ३८,०००, शिल्लक रजेचे २८,०००. एकूण ४,७०,५००. बरोबर आहे. सही केली.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. सासूबाईंना आज नको म्हणाले. सकाळी सांगू.

१६ जून, रविवार

आज दुपारी सगळं कागदावर उतरवलं. मुलगा क्लासला, सासूबाई झोपलेल्या.

देणं असं: घराचं कर्ज ११,२०,००० शिल्लक, व्याज ८.९ टक्के, हप्ता १४,६००, दर महिन्याच्या पाच तारखेला. पतसंस्थेचं १,३५,०००, चौदा टक्क्यांनी, हप्ता ६,५००. क्रेडिट कार्डावर ५८,०००. बँकेत माझ्या आईच्या पाटल्या तारण, त्यावर ८०,०००, मुदत नोव्हेंबरपर्यंत.

खर्च: घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा-दूध-भाजी, वीज, सासूबाईंची शुगरची औषधं, पेट्रोल आणि मोबाइल धरून ३२,०००. ह्यांच्या वायरिंगच्या कामाचे पावसाळ्यात १७,००० धरायचे. म्हणजे पतसंस्था आणि कार्ड बाजूला ठेवूनही महिन्याला १५,०००ची तूट.

त्यात दोन खर्च टळणार नाहीत. मुलाच्या बारावीच्या क्लासचा दुसरा हप्ता ३२,०००. आणि मेडिक्लेम. कंपनीचा विमा ३० तारखेला संपतो, हे ऑफिसात कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं की बाकी काही करा-न करा, आधी विम्याचं बघा. तिघांचा मिळून २६,००० हप्ता येतोय. सासूबाईंचा वेगळा काढायचा तर फार पडतो. त्यांच्यासाठी महात्मा फुले योजना आहे, पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू करायचा निर्णय झाला आहे. कार्डावर त्यांचं नाव नीट आहे का ते बघायला हवं.

म्हणजे हातात राहणारे ४,१२,५००. आता यातून देणी फेडायची की हे पैसे धरून बसायचं?

२३ जून, रविवार

बाबा ओतूरहून आले. सकाळची एसटी पकडून मोशीला उतरले, खांद्यावर कांद्याची पिशवी. आईने दिलेला लसणाचा गड्डा वेगळ्या फडक्यात बांधलेला.

जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मग म्हणाले, "पैसे आले की आधी बँकेचं तोंड बंद कर. कर्ज डोक्यावर असताना साठवलेला पैसा आपला नसतो."

बाबांचा शब्द मी हलका धरत नाही. त्यांनी सोसायटीचं पीककर्ज एकदाही थकवलेलं नाही. ज्या वर्षी कांदा दोन रुपयांनी गेला त्या वर्षीसुद्धा ३१ मार्चच्या आत भरणा केला, हातउसने घेऊन केला. वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. गावात त्यांचं नाव आहे ते याच गोष्टीमुळे.

मी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "बाबा, मार्चमध्ये भरल्यावर तुम्ही पुढं काय करता?"

"काय करणार? एप्रिलात नवं उचलतो. नवं-जुनं."

हाच फरक आहे, आणि तो मला त्यांच्याशी बोलताना पहिल्यांदा स्वच्छ दिसला. त्यांची सोसायटी भरलेला पैसा पुढच्या हंगामाला परत हातात देते, कारण तारण जमीन आहे आणि जमीन नोकरीवरून निघत नाही. माझं कर्ज पगारपत्रकावर मिळालं होतं. बँकेत आज दोन लाख भरले आणि ऑक्टोबरात सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तर ते दोन लाख मला कोण परत देईल? बाबांना मी हे असंच सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "मग तुझं तू बघ. पण लोकांचं देणं ठेवू नको." 'लोकांचं' म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

२९ जून, शनिवार

तुकोबांची पालखी आज आकुर्डीला मुक्कामी. सासूबाईंना घेऊन गेले, गर्दीत फार आत गेलो नाही. रस्त्याच्या कडेला आमच्या सोसायटीतल्या बायका चहा वाटत होत्या, तिथे सासूबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना नोकरीचं सांगून आता पंधरा दिवस झाले. त्यांनी तेव्हापासून सकाळचं दुधाचं बिल स्वतःच्या पैशातून द्यायला सुरुवात केली आहे, न सांगता.

परत येताना म्हणाल्या, तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, लोकांकडून यायचं होतं ते सोडलं. मी म्हटलं, आई, ते घेणेकरी होते, आपण देणेकरी. त्या म्हणाल्या, "तेच म्हणतेय. सोडायचा अधिकार घेणाऱ्याचा. देणाऱ्यानं द्यायचंच असतं."

५ जुलै, शुक्रवार

सगळे पैसे खात्यात जमा. ग्रॅच्युइटी तीस दिवसांच्या आत द्यावी लागते, ती वेळेत आली. सकाळीच घराचा हप्ताही कापला गेला.

शेजारच्या वहिनी 'लाडकी बहीण'च्या फॉर्मचं विचारायला आल्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला रांगा लागल्यात म्हणे. अट अडीच लाखांची आहे, आमचं मागच्या वर्षीचं उत्पन्न त्याच्या वर जातं. त्यांचा फॉर्म मी भरून दिला.

८ जुलै, सोमवार

बँकेत गेले. कर्ज विभागातल्या मॅडम ओळखीच्या, नीट समजावून सांगितलं. व्याजदर बदलता असल्यामुळे मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. मी विचारलं, दोन लाख भरले तर काय होईल? त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. हप्ता तोच, १४,६००. मुदत मात्र जवळपास अठ्ठावीस महिन्यांनी कमी. हप्ता कमी करून घ्यायचा तर वेगळा अर्ज, आणि तो कमी होऊन साधारण बारा हजारांवर येईल.

म्हणजे दोन लाख देऊन महिन्याला २,६०० वाचणार. तेच दोन लाख हातात ठेवले तर तेरा हप्ते भरता येतात. शेवटचे अठ्ठावीस महिने म्हणजे सात-साडेसात वर्षांनंतरची गोष्ट. माझा प्रश्न येत्या पाच तारखेचा आहे.

आणखी एक विचारलं. काही बँकांत घरकर्जाला ओव्हरड्राफ्टचं खातं जोडलेलं असतं, जादा पैसे टाकले की व्याज वाचतं आणि लागले तर काढताही येतात. ते करून घेता येईल का? मॅडम म्हणाल्या, येईल, पण ते नव्या कर्जासारखंच. अर्ज, आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "सध्या राहू द्या." हप्ता मात्र चुकवू नका, अडचण आलीच तर नव्वद दिवस व्हायच्या आत येऊन भेटा, असंही म्हणाल्या. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए होतं आणि मग गोष्ट शाखेच्या हातात राहत नाही.

घराच्या कर्जाला हात लावायचा नाही, हे ठरलं.

१० जुलै, बुधवार

क्रेडिट कार्ड पूर्ण भरलं. ५८,०००. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. व्याजच दोन हजारांच्या वर, त्यावर अठरा टक्के जीएसटी. किमान रक्कम भरत राहिलं की तिचा बराचसा भाग त्यातच जिरतो. दुनियेतल्या कुठल्याच ठेवीवर बेचाळीस टक्के मिळत नाहीत.

कार्ड बंद केलं नाही. कपाटात ठेवलं आहे.

१२ जुलै, शुक्रवार

आता पतसंस्था. यावर आमच्या दोघांचं एकमत होईना.

हे म्हणतात, पतसंस्थेचा हप्ता चालू ठेवू. आत्ता नोकरी नाही, रोख हातातून घालवायची नाही. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नव्हते, म्हणून तिन्ही हिशेब त्यांच्यापुढे मांडले. काहीच फेडलं नसतं तर कार्डाचे २,९०० आणि पतसंस्थेचे ६,५०० धरून महिन्याची तूट २४,४००; पैसे सतरा महिन्यांच्या आत संपले असते. फक्त कार्ड फेडलं, तर तूट २१,५००; साडेसोळा महिने. दोन्ही फेडली, तर हातात २,१९,५०० राहतात, पण तूट १५,०००वर येते, साडेचौदा महिने. पाटल्या यात धरलेल्या नाहीत.

हे म्हणाले, "बघ, दोन महिन्यांचा फरक पडतो. दोन महिने म्हणजे थोडे नाहीत."

खरं आहे. दोन महिन्यांत नोकरी लागू शकते आणि दोन महिने कमी पडल्यामुळे वाट्टेल ती नोकरी धरावी लागू शकते. आकडे त्यांच्या बाजूने आहेत.

पण पतसंस्थेच्या कागदावर माझ्या सहीच्या खाली दोन सह्या आहेत. एक भाऊजींची, ह्यांच्या चुलतभावाची. दुसरी स्टोअरमधल्या ताईंची. ताईंना माझ्याच दिवशी पत्र मिळालं. त्यांच्या मिस्टरांना जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी नर्सिंगला. माझा हप्ता थकला तर नोटीस त्यांच्या दारी जाणार, सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुलीचा दाखला निघाला तर त्यात त्यांचंही नाव असणार. त्यांना स्वतःला कुठे कर्ज काढायचं झालं तर माझी जामीनकी आधी समोर येणार. बँकेच्या कर्जात माझं घर अडकलेलं आहे, पाटल्यांच्या कर्जात माझ्या पाटल्या. या कर्जात मात्र दुसऱ्याची मान अडकली आहे. व्याजदराच्या रकान्यात हे कुठेच येत नाही.

मी ह्यांना म्हटलं, दोन महिने मी माझ्या अंगावर घेते. बाहेर पावसाने जोर धरला होता. हे काही बोलले नाहीत, कागद घडी करून ठेवला. झोपताना म्हणाले, "सोमवारी मी पण येतो."

१५ जुलै, सोमवार

पतसंस्थेत दोघं गेलो. आजपर्यंतचं व्याज धरून १,३५,८००च्या आसपास भरणा झाला. शेअर्सचे पैसे सभासदत्व सोडलं की मिळतील, मी सभासदत्व ठेवलं.

शाखाधिकाऱ्यांनी कर्जाची फाइल बाहेर काढली. जामीनदारांच्या पानावर पासपोर्ट फोटो पिनेने टाचलेले, पिनेभोवती गंज धरलेला. ताईंचा फोटो फार जुना, केसांत गजरा. सहीच्या शेवटी त्या एक छोटी रेघ ओढतात, तीही तिथे होती. शाखाधिकाऱ्यांनी दोन्ही पानांवर 'कर्ज निरंक' असा शिक्का मारला, बेबाकी दाखला दिला. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, दोन्ही जामीनदारांसाठी.

शाखाधिकारी चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, बाकीचे पैसे आमच्याकडे ठेव म्हणून ठेवता का, बँकेपेक्षा दर जास्त देतो. मी नम्रपणे नाही म्हटलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. चार पैसे जास्त मिळवायची ही वेळ नाही. मला हे पैसे मागितल्या दिवशी हातात हवेत.

येताना बँकेत एक महिन्याचे खर्चाचे पैसे बचत खात्यात ठेवले आणि बाकीच्याच्या पंचवीस-पंचवीस हजारांच्या पावत्या केल्या. एकच मोठी पावती केली तर थोडे पैसे लागले तरी सगळी मोडावी लागते. अशा केल्या की लागेल तेवढीच मोडता येते.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सगळ्यांचे उपास. ताईंकडे जाऊन दाखल्याची झेरॉक्स दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि देवाच्या फोटोमागे ठेवली. त्यांनी एका अॅपवरून दहा हजार घेतले होते, त्या अॅपवाल्यांचे फोन रात्री साडेनऊलासुद्धा येतात. त्यांना सांगितलं, वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉलची नोंद ठेवा, तक्रार करू. फुल अँड फायनलच्या पैशातून पहिलं ते मिटवा, असंही सांगितलं. त्यांचा भाऊ म्हणत होता, गावाकडच्या घराला स्लॅब टाक. मी म्हटलं, स्लॅब पुढच्या वर्षी.

२४ जुलै, बुधवार

काल बजेटमध्ये सोन्यावरची कस्टम ड्युटी पंधरावरून सहा टक्क्यांवर आणली आणि सोनं एका दिवसात उतरलं. ह्यांच्या मित्राचा फोन, पाटल्या सोडवून विकायच्या असतील तर थांबा. विकायच्या नाहीतच. भाव उतरला तरी आमचं कर्ज पाटल्यांच्या किमतीच्या मानाने बरंच कमी आहे, बँक वरचे पैसे मागायला येणार नाही. व्याज महिन्याला सहाशे. नोव्हेंबरला नोकरी असली तर सोडवू, नसली तर व्याज भरून मुदत वाढवून घेऊ. लिलावाची नोटीस यायची वेळ मात्र येऊ द्यायची नाही. कॅलेंडरवर १० नोव्हेंबरला लाल खूण केली.

२६ जुलै, शुक्रवार

काल पुण्यात पाणीच पाणी. सिंहगड रोडला एकतानगरीत बोटी चालवाव्या लागल्या. आमच्याकडेही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ह्यांना आज पहाटेपासून फोन सुरू आहेत. तळमजल्याचे मीटर, बोर्ड सगळे भिजलेले. हे रात्री अकराला आले, पायाला चिखल, आणि म्हणाले, दोन घरांत पैसे घेतले नाहीत, त्यांचं धान्यसुद्धा वाहून गेलंय. बरं केलं म्हणाले मी.

१ ऑगस्ट, गुरुवार

नोकरी सुटून महिना झाला. आता पीएफमधले पंचाहत्तर टक्के काढता येतात, दुसऱ्या महिन्यानंतर उरलेलेही. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आज सकाळीच क्लेम टाकले. ग्रुपवर कुणी कुणी विचारतंय, पीएफ काढून घरकर्ज कमी करावं का.

मी काढणार नाही. पीएफला सव्वाआठ टक्के व्याज आहे आणि घरकर्जाचं ८.९. एवढ्याशा फरकासाठी म्हातारपणाची पुंजी मोडायची? शिवाय पीएफ अशी रक्कम आहे की देणेकऱ्याची वसुली करतानाही तिच्यावर जप्ती आणता येत नाही. कायद्यानेच ती वेगळी ठेवली आहे, आणि ज्यांनी कायदा केला त्यांनी आमच्यासारख्यांचाच विचार केला असणार. पेन्शनला लागणारी दहा वर्षंही माझी झाली आहेत. ग्रुपवर हे सगळं लिहिलं. दोघांनी फोन करून विचारलं. एकाच्या आईचं ऑपरेशन आहे. त्याला मात्र काढ म्हटलं, त्यासाठीच तो पैसा आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार

रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहालाच ठेवला. हप्ता तोच राहणार. पाच तारखेचा वेळेवर गेला. जुलैत ह्यांचं काम जास्त झाल्यामुळे तूट नऊ हजारांवर आली, पावती मोडावी लागली नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. भोसरीतल्या एका वर्कशॉपचे मालक म्हणतात, उद्यापासून या, २२,००० देतो. जीएसटी रिटर्नपासून पेमेंटच्या मागे लागण्यापर्यंत सगळं एकटीने, पीएफ नाही. चाकणच्या कंपनीत ३४,००० आहेत, पीएफ आहे, मेडिक्लेम आहे. पण त्यांची दुसरी फेरी २८ तारखेला.

जुलैमध्ये बँकेत दोन लाख भरून आले असते तर आज २२,०००ला हो म्हणावं लागलं असतं. भोसरीच्या मालकांना फोन करून सांगितलं, महिनाअखेरीला कळवते. त्यांनी विचारलं, "तोपर्यंत बसून राहणार?" मी म्हटलं, "हो."

संध्याकाळी बाबांचा फोन आला. पाऊस चांगला आहे, कांद्याचं रोप टाकायचंय. बँकेचं काय केलंस, विचारलं. हप्ता भरतेय म्हटलं, आणि ताई मोकळ्या झाल्या ते सांगितलं. "हं," म्हणाले, आणि आईला फोन दिला.